डाव्या सीटची साक्ष

अट-बाशी, ३ सप्टेंबर २०१९

बेइशेन,

हे पत्र क्षमायाचनेचे नाही. गाडीसंबंधी आहे. आरंभीच स्पष्ट केले, म्हणजे ते वाचायचे की फाडायचे हे ठरवणे तुला सोपे जाईल.

अकरा वर्षांत मी तुला लिहिलेले हे पहिले पत्र. माझा फोन तू उचलत नाहीस. दोनदा करून पाहिला. शिवाय फोनवर माणसे एकमेकांच्या वाक्यात वाक्य घुसवतात आणि शेवटी कोण काय म्हणाले याला पुरावा राहत नाही. म्हणून कागद. बालिकचीला जाणाऱ्या शेअर टॅक्सीवाल्याच्या हाती देत आहे. तुझे गॅरेज कुठे आहे हे त्याला सांगू लागलो, तर तो म्हणाला, "लंगड्या उस्तादचं ना? कोण ओळखत नाही!"

वस्तुस्थिती अशी आहे. तुझ्या वहिनीची, बुरुलची, मूत्रपिंडे वसंतापासून काम करीत नाहीत. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार नारीनच्या इस्पितळात तिचे रक्त चार तास यंत्रातून गाळावे लागते. आजवर आमच्या गल्लीतला टॅक्सीवाला नेत असे. तो ऑक्टोबरअखेर मुलाकडे रशियाला चालला आहे. बाकीच्यांच्या गाड्या दोन चाकांवर ओढणाऱ्या. किझिल-बेलच्या घाटात बर्फ साचला की त्या पायथ्याशी उभ्या राहतात. गेल्या हिवाळ्यात असे किती दिवस गेले याची मी रस्तेखात्यात जाऊन चौकशी केली. एकोणीस. डॉक्टरीणबाई स्पष्टवक्त्या आहेत. म्हणाल्या, "एक खेप चुकली तर मी रागावेन. लागोपाठ दोन चुकल्या, तर माझं रागावणं ऐकायला त्या नसतील."

नारीनमध्ये चार महिने खोली घेणे हा दुसरा मार्ग मी बुरुलपुढे मांडला. तिचे उत्तर शब्दशः देतो. "परक्याच्या छताकडे बघत हिवाळा काढू? आणि माझ्या गाईंचं काय? त्यांना चाऱ्याऐवजी तुम्ही तर्कशास्त्र घालणार?" चौतीस वर्षे अध्यापक-विद्यालयात वाद शिकवूनही हा मार्ग मी यादीतून खोडला.

तेव्हा गाडी घेणे भाग आहे. जुनी, चारही चाकांवर ओढणारी, आणि पहिल्या बर्फापूर्वी. घोडी आणि दोन कालवडी विकून तीन लाख ऐंशी हजार सोम उभे राहिले आहेत. त्यातच हिवाळी टायरही बसले पाहिजेत.

माझ्यासमोर तीन पर्याय आहेत. रशियन बनावटीची छोटी चौकोनी जीप: स्वस्त, उंच, सुटे भाग गावातच मिळतात. डिझेलवर चालणारी जपानी व्हॅन: प्रशस्त, बुरुलला परतताना आडवे होता येईल. आणि पेट्रोलवरची जपानी वॅगन: बसकी, पण ऊबदार. गाड्या तू तीस वर्षे पोटाखालून पाहिल्या आहेस, मी फक्त वरून. म्हणून प्रश्न विचारतो. एका शब्दाचे उत्तर पुरेल.

कदिराली


अट-बाशी, १७ सप्टेंबर

बेइशेन,

तुझे उत्तर मिळाले. ते तू मला दिले नाहीस, बुरुलला फोनवर दिलेस, आणि तिने फोनचा आवाज मोठा करून तो रजयांच्या चळतीवर ठेवला. तुझ्या शब्दांची नोंद मी तेव्हाच केली. ती बरोबर आहे का ते पाहा.

"वहिनी, प्रोफेसर आहेत का तिथं?"

"समोरच बसलेत. वही घेऊन."

"वही असणारच. त्यांना सांगा—"

"तूच सांग की. कान शाबूत आहेत त्यांचे."

"मी त्यांच्याशी बोलत नाहीये, तुमच्याशी बोलतोय. डिझेलची व्हॅन अजिबात नको. उणे पस्तीसमध्ये डिझेलची खीर होते. मग प्रोफेसर टाकीखाली शेकोटी पेटवून तिला पटवून देत बसतील, की बाई, तू द्रवपदार्थ आहेस."

बुरुल हसली. यंत्रावर जायला लागल्यापासून ती अशी हसलेली मी पाहिली नव्हती. हेही नोंदवतो.

"आणि ती रशियन?"

"गाडी गुणाची आहे, हातोडीनं दुरुस्त होते. पण बसणाऱ्याची हाडं मोजते. यंत्रावरून उठलेल्या बाईला तिच्यात घालायचं असेल, तर आधी प्रोफेसरांनी स्वतः नारीनला जाऊन यावं आणि मग खाली बसून जेवून दाखवावं."

"म्हणजे तिसरी."

"तिसरी. पण चारी चाकं कायम ओढणारी घ्या. बटण दाबून जोडायची नको. बटण दाबावं की न दाबावं, यावर ते अर्धा तास घेतील. आणि वहिनी, हे नीट ऐका: चार चाकं चढायला मदत करतात, थांबायला नाही. थांबवतात ते टायर. चारही एकाच जातीचे, एकसारखे झिजलेले. तीन चांगले आणि एक जुना असं केलं, तर पुढची-मागची चाकं जोडणारा मधला जोड जळतो आणि सगळे पैसे पाण्यात."

येथवर सर्व सुसंगत आहे. नंतर मी वहीवर एक अट लिहून बुरुलपुढे सरकवली आणि तिने ती वाचून दाखवली: स्टिअरिंग डावीकडे असावे.

तुझ्या मागे कोणीतरी पाना आपटत होते.

"वहिनी," तू म्हणालास, "तेवढ्या पैशात उजवंच येतं. डाव्याला पाच लाख पडतील." आणि फोन ठेवलास.

मी नारीनच्या बाजारात किमती पडताळल्या. तुझे म्हणणे खरे आहे. लोकांना उजव्या बाजूचे स्टिअरिंग नको असते, म्हणूनच ती गाडी आपल्या खिशात बसते. स्वस्ताईचे कारण आणि माझ्या नकाराचे कारण एकच आहे.

मला विचार करावा लागेल.

कदिराली


अट-बाशी, २ ऑक्टोबर

बेइशेन,

काल खिंडीवर पहिली पांढरी रेघ दिसली. दुपारपर्यंत विरघळली. विचार करायला वेळ फार उरलेला नाही. म्हणून मूळ मुद्द्याला हात घालतो. तू टाळलास आणि मीही टाळला तो.

आपल्या रस्त्यावर गाड्या उजव्या कडेने चालतात. स्टिअरिंगही उजवीकडे असले, तर पुढच्या ट्रकची पाठ सोडून चालकाला काही दिसत नाही. ओव्हरटेक करायचे तर डाव्या सीटवरच्या माणसाने खिडकीला गाल लावून पलीकडे पाहायचे आणि "जा" म्हणायचे. चालकाचे स्वतःचे ज्ञान शून्य. सारा भार साक्षीवर. साक्ष चुकली, तर दोष साक्षीदाराचा. मार्च २००८ मध्ये पोलिसांपुढे मी हेच लिहून दिले होते: 'धाकट्या भावाच्या सांगण्यावरून गाडी बाहेर काढली.' लिहिताना तू त्याच खोलीत, बाकावर, पाय फळीला बांधून बसला होतास. तू हरकत घेतली नाहीस. हरकत नाही, याचा अर्थ मान्यता, असेच कोणीही समजेल.

हे लिहीत असताना बुरुल मागे येऊन उभी राहिली. खांद्यावरून वाचण्याची तिची सवय तुला माहीत आहे.

"त्यानं 'जा' म्हटलं होतं का?" तिने विचारले.

"जबानी फाइलमध्ये आहे," मी म्हटले.

"मी फाइलला नाही विचारलं."

ती चहा ठेवायला निघून गेली. तिला दिवसाला फक्त दोन पेले पाणी चालते; तरी दोघांसाठी चहा ठेवते आणि आपला पेला हातात धरून बसते, हात शेकायला.

पत्र येथेच थांबवतो.

कदिराली


अट-बाशी, २० ऑक्टोबर

बेइशेन,

गाडी घेतली. दारात उभी आहे. आता सविस्तर लिहिण्यास हरकत नाही.

कोचकोरमधला जनावरांचा डॉक्टर आपली वॅगन विकतो आहे, हे तू बुरुलला फोनवर कळवलेस, आणि वर म्हणालास, "स्वतः बघून घ्या म्हणावं. माझ्या सांगण्यावरून नको. माझ्या सांगण्यावरून एकदा जे झालं, तेवढं पुरे." हा टोला माझ्यासाठी होता आणि तो मला लागला. बुरुलने तुझ्याकडून तपासणीची प्रत्येक गोष्ट लिहून घेतली. तो कागद खिशात घालून मी काल पहाटेच्या टॅक्सीने निघालो.

झापार नावाचा हा डॉक्टर गोल चेहऱ्याचा आणि बडबड्या आहे. मी दहाला येईन असे त्याला कळवले होते. मुद्दाम नऊला पोचलो. घरात न शिरता सरळ अंगणात गेलो आणि बॉनेटवर हात ठेवला. लोखंड बर्फासारखे गार. इंजिन आधी तापवून ठेवलेले नव्हते.

तो लोकरी टोपी चढवत बाहेर आला. "आक्साकाल, पांढऱ्या दाढीचा मान म्हणून आधी चहा!"

"आधी इंजिन," मी म्हटले.

दुसऱ्या किल्लीला चालू झाले. तेलाचे झाकण उघडून पाहिले, आत पांढरा फेस नव्हता. पाण्याच्या टाकीत बुडबुडे नव्हते. मग शाळेपुढच्या डांबरी मैदानात स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवून मी सावकाश गोल फिरलो, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. गाडी कुठे अडली नाही, हिसका दिला नाही. मधला जोड शाबूत आहे. चारही टायर एका जातीचे होते, पण गुळगुळीत.

"घोडा घेताय की सून पसंत करताय?" झापार म्हणाला. "माझ्या सासऱ्यानंसुद्धा मला इतकं तपासलं नव्हतं."

"तपासायला हवं होतं," बादली घेऊन गोठ्याकडे जाणारी त्याची बायको म्हणाली.

शेवटी पोत्यावर आडवा होऊन मी गाडीखाली सरकलो. वय चौऱ्याहत्तर; खाली जाणे जमते, वर येण्यासाठी माणूस लागतो. खाली अपेक्षेइतकाच गंज होता. पण तीन ठिकाणी गंज घासून काढला होता, सांध्यांना ताजे ग्रीस होते, आणि प्रत्येक सांध्याशेजारी खडूची एकेक खूण. बरोबरची खूण, पण उलटी, उजवीकडून डावीकडे ओढलेली.

लहानपणी माझ्या वर्गातले खडू तू पळवायचास आणि कुंपणाच्या प्रत्येक फळीवर अशीच खूण करायचास. 'नीट काढ,' म्हणून मी किती ओरडायचो.

झापारने हात देऊन मला उभे केले. "येथे माझ्या आधी कोण आले होते?" मी विचारले.

"कुणी नाही."

"ग्रीस ताजे आहे."

"मीच लावलं."

"तुमचे हात गाईच्या पोटात घातलेले आहेत, गाडीच्या नाही. नखे पाहा."

त्याने नखांकडे पाहिले आणि हसून शरण आला. "काय माणसं आहात तुम्ही दोघं भाऊ! काल तो लंगडा उस्ताद आला होता बालिकचीहून. तासभर खाली पडून होता. उठताना गुडघ्याला शिव्या घालत होता. किमतीतले वीस हजार पाडून घेतले, तेही तुमच्यासाठी. आणि जाताना म्हणतो कसा, 'उद्या एक प्रोफेसर येतील. मी आलो होतो हे त्यांना सांगू नकोस. त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलंच पटतं.'"

बेइशेन, गाडीचा निर्णय मी तुझ्या कागदाप्रमाणे स्वतः तपासून घेतला, हे खरे आहे. पण त्या खुणा पाहिल्यावर छातीवरचा दगड बाजूला झाला, हेही खरे आहे. खूप दिवसांनी पोटभर जेवलो. झापारच्या बायकोने नूडल्सचे दुसरे ताट वाढले आणि मी नको म्हटले नाही.

बुरुलने आज सकाळी कोंबडा कापून चारही चाकांना रक्त लावायला लावले. रक्ताने घर्षण वाढते असा पुरावा कुठेही नाही. तरी कोंबडा मीच धरला. शेजारणींनी गाडी पाहून रिवाजाप्रमाणे काचेखाली नोटा खोचल्या आणि आरशाला पांढरा रुमाल बांधला. बुरुल शाल लपेटून डाव्या सीटवर तासभर बसून राहिली. गाडी हललीसुद्धा नव्हती.

एक गोष्ट सांगायची राहिली. कोचकोरहून मी एकटाच गाडी चालवत आलो. डावी सीट रिकामी होती. दोलोनच्या घाटात कोळशाचा ट्रक, पुढे गवताचा ट्रॅक्टर, नारीननंतर मेंढ्यांचा कळप. मी एकालाही ओलांडले नाही. साडेसहा तास लागले. विचाराला इतका सलग वेळ मला निवृत्तीनंतरही मिळाला नव्हता.

कदिराली


अट-बाशी, २२ ऑक्टोबर

बेइशेन,

'हे पत्र क्षमायाचनेचे नाही' हे तीन सप्टेंबरच्या पत्रातील पहिले वाक्य मी मागे घेतो.

तू 'जा' म्हटले नव्हतेस.

किझिल-बेलच्या घाटात, मेंढ्यांच्या दगडी वाड्यापाशी, पुढे गवताने भरलेला ट्रक होता. गाडी तुझी होती, नवीन घेतलेली. मी मोठा, म्हणून चालवायला मी बसलो. मला नारीनला व्याख्यानाला पोचायचे होते. "जाऊ?" असे मी विचारले. तुझ्या बाजूची काच वाफेने धुरकटली होती आणि तू ती बाहीने पुसत होतास. तू काहीच बोलला नाहीस, कारण तुला अजून काही दिसलेच नव्हते. तुझ्या गप्प बसण्याला मी होकार समजलो आणि गाडी बाहेर काढली. समोरून येणाऱ्या ट्रकने तुझी बाजू धरली. तुझा गुडघा गेला.

नकार नाही म्हणून होकार: पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने ही चूक केली असती, तर मी त्याला उभे करून लाजवले असते.

आणि तीच चूक मी दुसऱ्यांदा केली, पोलिसांच्या खोलीत. या वेळी मात्र ती नुसती चूक नव्हती. काय लिहितो आहे हे मला कळत होते. तू हरकत घेतली नाहीस, याचा आधार मी अकरा वर्षे धरला. पण समोर दोन परके गणवेशवाले बसलेले असताना आपल्याकडचा कोणता धाकटा भाऊ म्हणेल की माझा मोठा भाऊ खोटे लिहितो आहे? तू म्हणणार नाहीस, हे मला पक्के ठाऊक होते. त्या भरवशावरच मी लिहिले. ट्रकवाल्याची भरपाई तू केलीस. गावातले गॅरेज विकलेस. मी माझ्या वर्गात प्रामाण्य शिकवत राहिलो.

आज नारीनला जाऊन मी खरी हकीकत लिहून दिली. तेथला तरुण अधिकारी म्हणाला, "आक्साकाल, अकरा वर्षं झाली, ती फाइल उंदरांनीही वाचून संपवली असेल. आता याचं काय करू?" मी म्हटले, "नोंदवहीत क्रमांक टाका आणि पोच द्या." त्याने दिली. सोबत जोडली आहे.

याने गुडघा सरळ होत नाही, हे मला माहीत आहे. मला क्षमा कर असे लिहिण्याचा अधिकार मी तपासून पाहिला. तो सापडला नाही. तरी लिहितो. क्षमा कर.

हे पत्र टॅक्सीवाल्याकडे देण्यापूर्वी बुरुलला वाचायला दिले. तिने ते दोनदा वाचले, घडी घातली आणि म्हणाली, "आता चहा गार व्हायच्या आत प्या." आज ती मागे उभी राहिली नाही, शेजारी बसली.

कदिराली


अट-बाशी, ३० नोव्हेंबर

बेइशेन,

तुझ्याकडून पत्राचे उत्तर आले नाही. पाच तारखेला बालिकचीच्या टॅक्सीवाल्याने मात्र चार टायर आणून टाकले, बर्फात रुतणाऱ्या खिळ्यांचे, एकाच जातीचे. प्रत्येकावर खडूने जागा लिहिलेली: पुढचे डावे, मागचे उजवे. आणि एकात खोचलेला पुठ्ठ्याचा तुकडा: 'दादा, जॅक बर्फावर नको, फळीवर ठेव.'

सूचना योग्य आहे आणि मी ती पाळली. पहिल्या शब्दाचा जॅकशी काही संबंध नाही. तरी पुठ्ठा मी वहीत ठेवला आहे.

टायरांचे पैसे पाठवले तर तू टॅक्सीवाल्यालाच परत पिटाळशील, असे बुरुल म्हणते. म्हणून पांढरा मध आणि वाळवलेले मांस पाठवत आहे. मांस तिने मीठ न घालता चाखले आणि उरलेले तुझ्यासाठी खारवले.

आता कालची हकीकत.

मी बुरुलशी पहिल्याच दिवशी नियम ठरवला होता. तिने मोठ्याने 'जा' म्हटले, तरच जायचे. मान हलवली, हात केला, खोकली, यातले काही चालणार नाही. तिला याची फार गंमत वाटते. "जा. जा म्हटलं ना! का आता ठराव मांडू?" असे ती खिडकीला नाक लावून ओरडते. आजवर तिची साक्ष एकदाही चुकलेली नाही. तिची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे, आणि तिला घाई नसते.

गुरुवारी रात्रभर बर्फ पडला. काल सकाळी घाटाच्या पायथ्याशी अकरा गाड्या उभ्या होत्या, सगळ्या दोन चाकांच्या. बांबूच्या टोकाला लाल फडके लावून उभ्या असलेल्या माणसाने आमचे टायर पाहिले आणि फडके बाजूला केले. एवढ्यासाठीच घोडी विकली होती. चारही चाके अशी धरून चढत होती, की मला हसू आले.

दुसऱ्या वळणावर चीनच्या सीमेवरून, तोरुगार्टकडून आलेला कंटेनर गाठला. ताशी दहा-बारा किलोमीटर, बैलासारखा डुलत चाललेला. माझ्यासमोर फक्त त्याची पाठ आणि उडणारा बर्फ.

"रिकामा आहे का रस्ता?" मी विचारले.

बुरुल बोलली नाही. तिचा चेहरा खिडकीकडे होता. बर्फावरून नजर काढून मला वळून पाहता येईना.

जागा ओळखीची होती, बेइशेन. तू ओळखशील. उजवीकडे तो मेंढ्यांचा दगडी वाडा आहे.

मी थांबलो. म्हणजे त्याच्या मागे चालत राहिलो. पुढच्या वळणाला पुन्हा विचारले. पुन्हा काही नाही. मागून भोंगे वाजू लागले. एक तरुण आम्हाला आणि कंटेनरला दोघांनाही ओलांडून गेला आणि जाताना खिडकीतून ओरडला, "आजोबा, दोर बांधून घेतलाय का?" रस्ता रिकामा असावा, असे अनुमान त्यावरून काढता आले असते. मी काढले नाही. मला सांगण्यात आलेले नव्हते.

खिंडीच्या माथ्यावर कंटेनर कडेला थांबला, तेव्हा मी प्रथम मान वळवली. बुरुल झोपली होती. गाल काचेला, शाल घसरलेली, तोंड किंचित उघडे. गाडी इतकी ऊबदार आहे.

तिला जागे केले नाही. शाल नीट केली आणि उतारावर निघालो.

इस्पितळात अकरा मिनिटे उशिरा पोचलो. दारातच परिचारिकेने विचारले, "आक्साकाल, घाट बंद होता का?"

"नाही," मी म्हटले. "साक्षीदार झोपला होता."

यंत्राच्या नळ्या लागल्यावर बुरुलला सारे कळले. ती इतकी हसली की परिचारिकेने हात हलवू नका म्हणून दटावले. "अहो, हाक मारायची!" ती म्हणाली. "चाळीस मिनिटं त्या कंटेनरचं बूड बघत आलात?"

"हो," मी म्हटले. त्या चाळीस मिनिटांसारखे सुख मला फार दिवसांत मिळाले नव्हते, हे तिला सांगितले नाही. तुला लिहितो आहे. आठवडाभरात सगळ्या खेपा पूर्ण झाल्या. डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिले आणि यंदा आम्ही हिवाळा काढू असे म्हणाल्या, तेही न विचारता.

तुझा गुडघा थंडीत दुखत असेल. ही गाडी ऊबदार आहे आणि बालिकची तिच्यासाठी दूर नाही. तू कळवलेस तर मी न्यायला येईन. वाटेत 'थांब' म्हणालास तर थांबेन, 'जा' म्हणालास तर जाईन, आणि काहीच म्हणाला नाहीस तर पुढच्याच्या मागे चालत राहीन, घरापर्यंत.

सोमवार, बुधवार आणि शुक्रवार सोडून डावी सीट रिकामी असते.

तुझा दादा